दोन घरं पुढं

आमच्या घरात सकाळ व्हायची ती ठोक्यांनी. कोंबडं, दूधवाला, शेजारचा रेडिओ, हे सगळे मागाहून. निपाणीत बाजारपेठेच्या मागच्या बोळात आमचं भांड्यांचं दुकान होतं, पुढं दुकान आणि मागं घर. माझे वडील, आप्पा, पहाटे बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन घेऊन आले की छिन्नी-हातोडी घेऊन पायरीवर बसायचे आणि विकलेल्या भांड्यांवर नावं घालायचे. टक टक टक. लग्नसराईत तर उसंत नसायची. ‘चि. सौ. कां. अमुक हिस मामांकडून सप्रेम भेट’ एवढं सगळं एका तांब्याच्या पोटावर बसवायचं म्हणजे खायचं काम नाही. अक्षर चुकलं तर तांब्या गेला आणि मामाही गेला. मी अंथरुणात पडल्या पडल्या ठोके ऐकायची आणि कुठलं अक्षर चाललंय ते ओळखायचा प्रयत्न करायची. ‘सप्रेम’ मात्र हमखास ओळखू यायचं, कारण ते सगळ्यात जास्त वेळा यायचं आणि आप्पांचा हात तिथं बिनदिक्कत धावायचा. आता विजेचं यंत्र आलंय, ते डास गुणगुणल्यासारखा आवाज करतं आणि अक्षरं ढेकणासारखी काढतं. असो. म्हातारपणी माणसाला यंत्रांवर राग काढायची मुभा असते.

घरात आईचं राज्य होतं आणि त्या राज्यात सूर्य हा मोठा अधिकारी. दिवस बुडायच्या आत जेवणं उरकलीच पाहिजेत, मग दारात गिऱ्हाईक असो नाहीतर साक्षात कलेक्टर. ऊन समोरच्या भिंतीवर चढायला लागलं की आईचा आवाज चढायचा. ‘‘अगं पद्मे, दिवस बुडाला बघ! तुझ्या बापाला उठीव त्या पायरीवरनं!’’ कांदा-लसूण आमच्यात नव्हतं, पण आईच्या हाताला त्याची गरजही नव्हती. ज्वारीची भाकरी, उडदाचं घुटं, शेंगाची चटणी आणि वर दही. सणाला हुग्गी, म्हणजे खपली गव्हाची गुळातली खीर, वर तूप सोडलेली. गल्लीभर तंबाखूचा वास असायचा, वखारी जवळच होत्या. पाहुणे शिंकून शिंकून बेजार व्हायचे. आम्हाला त्या वासाचं काही वाटायचं नाही, पण हुग्गीचा वास त्याच्यातूनही बरोबर नाकाशी यायचा.

आणि दुसरं राज्य होतं बुद्धिबळाचं. तिथं मात्र राजा आप्पाच. बाजारच्या दिवशी दुपारी गर्दी ओसरली की कोगनोळीहून आलेले भरमाण्णा पायरीवर येऊन टेकायचे. भरमाण्णा शेतकरी, उंच, आवाज असा की बोळाच्या टोकाला कळावं कोण आलंय. आप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. आईनं जुन्या निळ्या खणावर पांढऱ्या दोऱ्यानं घरं शिवून पट केला होता, सगळी घरं एकाच रंगाची. मोहरी लाकडी, लाल आणि हिरवी. ‘‘मांड रं जिन्नाप्पा,’’ असं म्हणत भरमाण्णा बसायचे आणि तास-दीड तासानं ‘‘लई चेटक्या हाईस,’’ असं म्हणत उठायचे. आप्पांना कोणी हरवल्याचं मी पाहिलं नव्हतं. चिकोडीहून, संकेश्वराहून माणसं मुद्दाम खेळायला यायची आणि एखादं पातेलं विकत घेऊन परत जायची. आई म्हणायची, ‘‘हरल्याची लाज म्हणून घेत्यात. चालू दे तुमचं.’’

मी तिथंच शिकले, आप्पांच्या गुडघ्याला टेकून. आमचा खेळ होता देशी. प्यादं सुरुवातीपासून एकेकच घर चालायचं, गरिबाच्या पोरासारखं. राजाला आयुष्यात एकदा घोड्याची अडीच घरांची उडी, तीही शह बसायच्या आधी. आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्याच्या वाटेनं गेलं तेच व्हायचं. उंटाच्या वाटेनं गेलं तर उंट, हत्तीच्या वाटेनं गेलं तर हत्ती. जगात याहून वेगळं काही बुद्धिबळ असेल अशी आम्हाला शंकासुद्धा नव्हती.

मी हायस्कूलच्या शेवटच्या वर्गांत होते तेव्हा कुलकर्णी बाईंनी, आमच्या गणिताच्या बाईंनी, वर्गात विचारलं, ‘‘बुद्धिबळ कोणाला येतं गं?’’ मी हात वर केला. माझ्याशिवाय कोणाचाच हात वर नव्हता, त्यामुळं निवड सोपी झाली. बेळगावात शाळांच्या मुलींची स्पर्धा होती. बाईंना स्वतःला खेळ येत नव्हता, पण बाई उत्साही. त्यांनी एका मराठी वर्तमानपत्राचं रविवारचं कात्रण माझ्या हातात ठेवलं. दोन मोठ्या खेळाडूंचा डाव त्यात खेळीगणिक छापला होता. ‘‘हा घरी मांडून बघ,’’ बाई म्हणाल्या. ‘‘स्पर्धेत म्हणे असंच खेळतात.’’

छापलेला डाव! आप्पांना तर विश्वासच बसेना. खेळ संपला की पट घडी घालून फडताळात ठेवायचा आणि डाव हवेत विरून जायचा, एवढंच त्यांना ठाऊक. कुठल्यातरी परदेशातल्या गावी दोन माणसं खेळली आणि त्यांची प्रत्येक चाल इथं निपाणीत माझ्या हातात आलीय, याचं त्यांना इतकं नवल वाटलं की त्यांनी हात धुऊन कात्रण घेतलं. कसं वाचायचं ते वर लिहिलं होतं: रा म्हणजे राजा, घो म्हणजे घोडा, आणि घरं आपल्या बाजूनं मोजायची. बाजारचा दिवस होता, भरमाण्णा होतेच. लाल म्हणजे पांढरी आणि हिरवी म्हणजे काळी असं ठरवून आम्ही तिघं पटावर वाकलो.

पहिली खेळी: राजाचं प्यादं, घर चौथं. आप्पांनी प्यादं उचललं आणि हवेतच धरलं. प्यादं उभं दुसऱ्या घरात, एक घर चालणार, तर पोचणार तिसऱ्यात. चौथं आणलं कुठनं?

‘‘छापणाऱ्याची चूक,’’ आप्पा म्हणाले. ‘‘आकडा चुकलाय.’’

‘‘पर समोरच्याचं बी चौथंच छापलंय की,’’ मी म्हटलं.

‘‘मग दोन्ही चुकलेत. छापखान्यात एकदा खिळा वाकडा बसला की सगळी ओळ वाकडी जातीया,’’ आप्पा म्हणाले. अक्षरं घालणाऱ्या माणसाचं मत होतं, आम्ही मान्य केलं. दोन्ही प्यादी तिसऱ्या घरात ठेवली. मग घोडे बाहेर आले, ते बरोबर बसले. उंट आले, तेही बरोबर बसले. आप्पा खूश. ‘‘बघितलास? फकस्त पहिल्या ओळीत चूक हाय.’’ आणि चौथ्या खेळीला पांढऱ्याच्या नावासमोर छापलं होतं: शून्य, मधे रेघ, शून्य.

शून्य! घोडा नाही, उंट नाही, घर नाही. आप्पांनी चष्मा पुसला. मी कात्रण उजेडात धरलं. भरमाण्णांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली आणि निकाल दिला. ‘‘काय अवघड न्हाई त्यात. चहा प्यायला उठला आसंल गडी.’’

‘‘डाव सोडून?’’ आप्पांनी विचारलं.

‘‘का? तू न्हाईस उठत व्हय?’’

बरं, उठला तर उठला. आम्ही पुढं गेलो. पाचव्या खेळीला पांढऱ्यानं वजिराचं प्यादं पुढं सारलं आणि काळ्यानं ते राजाच्या प्याद्यानं मारलं, असं कात्रण म्हणत होतं. आमच्या पटावर ती दोन प्यादी एकमेकांपासून इतकी लांब होती की मारणं सोडा, त्यांना एकमेकांना रामराम घालायचा म्हटला तरी मोठ्यानं ओरडावं लागलं असतं. खाली लिहिलं होतं, ‘पांढऱ्याने प्याद्याचे बलिदान देऊन मध्य खुला केला.’ कसलं बलिदान आणि कसला मध्य! आम्ही परत मांडलं, परत तिथंच अडलो. दुसऱ्या दिवशी मांडलं, तिसऱ्या दिवशी मांडलं. आप्पा दुकानात गिऱ्हाइकाला कळशी दाखवतानासुद्धा ‘‘मारायला प्यादंच न्हाई तितं,’’ असं पुटपुटायचे. आजही माझ्या मोबाइलवर हाच डाव काढला की यंत्र बाण काढून सांगतं, इटालियन सुरुवात, अमुक फाटा. नावं मोठी छान आहेत. आमच्या घरात त्याचं नाव ‘चहाला उठल्याला डाव’ असंच राहिलं.

शेवटी मी बाईंना गाठलं. बाईंनी बेळगावच्या त्यांच्या भावाला विचारलं आणि सोमवारी तास संपल्यावर मला फळ्यापाशी थांबवून सगळं सांगितलं. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं. शून्य-शून्य म्हणजे राजानं दोन घरं सरकून कोपऱ्याकडं जायचं आणि हत्तीनं त्याच्यावरून पलीकडं येऊन उभं राहायचं, त्याला किल्लेकोट म्हणतात. राजाला घोड्याची उडी नाही. आणि प्यादं कुठल्याही वाटेनं पोचलं तरी त्याचा वजीर करता येतो. छापणाऱ्याची काही चूक नव्हती. आम्ही दुसऱ्याच नियमांनी त्याचा डाव मांडत होतो.

मी धावत घरी आले आणि एका दमात सांगून टाकलं. आप्पांच्या मांडीवर परात होती. हातोडी थांबली. ‘‘राजाला उडी न्हाई?’’ ते म्हणाले. ‘‘मग त्यो कसला राजा? आणि हत्तीच्या वाटंनं गेल्यालं प्यादं वजीर हुतंय? मग जल्मभर त्या वाटंनं चालल्याचा उपेग काय?’’ ते चिडले नव्हते. कोणीतरी आपल्या घराचा पत्ताच चुकीचा आहे असं सांगावं तसा चेहरा झाला होता त्यांचा. मला रडू फुटलं. मी म्हटलं, ‘‘ऱ्हाऊ दे आप्पा. मी कशाला जातो, जाते बेळगावला?’’ आमच्याकडं मुलीसुद्धा ‘जातो, येतो’ असंच बोलतात, पण बाईंच्या सहवासानं मी तेव्हा ‘जाते’ म्हणायला शिकत होते आणि रडताना ते दोन्ही एकमेकांत मिसळायचं.

खरं सांगायचं तर मला जायचं होतं. जीव तुटत होता. निपाणीबाहेर मी मावशीच्या गावाशिवाय काही पाहिलं नव्हतं, आणि माझ्या नावानं शाळेतून कुठं काही जावं असं पहिल्यांदाच घडत होतं. पण नवे नियम सरावायला समोर कोणीतरी हवं. गावात मुलींशी खेळणारं कोण? आप्पाच. आणि आप्पांचा हात तर देशी खेळात मुरलेला.

आप्पांनी त्या दिवशी ती परात अर्धीच ठेवली. बाजारच्या दिवशी भरमाण्णा आले, नेहमीसारखे ‘‘मांड रं’’ म्हणाले, तेव्हा आप्पांनी पट काढला नाही.

‘‘भरमू, आता आपला खेळ बंद,’’ ते म्हणाले. ‘‘पोरगीला नवीन शिकवायचंय. तिच्यासंगं मलाबी शिकायला पायजे.’’

‘‘मग शिकीव की. कोण नगं म्हणतंय? तिला त्यो शिकीव, माझ्यासंगं ह्यो खेळ.’’

‘‘तसं जमत न्हाई रं. तिचं वय हाय, तिला दोन्ही जमतील. माझा हात एका वाटंचा झालाय. त्याची वाट मोडायची तर सगळीच मोडाय पायजे.’’

भरमाण्णांचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला मी ऐकला. ‘‘माझ्यासंगं खेळायचं न्हाई म्हण की सरळ.’’

‘‘तुझ्यासंगं न्हाई असं कुठं म्हटलो? आपल्या खेळाबिगर कुणाचं काय अडलंय?’’

‘‘माझं अडलंय,’’ भरमाण्णा म्हणाले, चप्पल पायात सरकवली आणि चहा न घेता गेले. आई आतून कप घेऊन आली तर पायरी रिकामी. ती आप्पांकडं बघत राहिली. ‘‘झालं समाधान?’’ एवढंच म्हणाली आणि तो चहा स्वतःच उभ्या उभ्या पिऊन टाकला.

मग आमचं शिक्षण सुरू झालं. आप्पांनी पहिलं काम काय केलं असेल, तर एक चौकोनी पितळी तबक घेतलं आणि त्याच्यावर पट घातला. नव्या खेळात घरं दुरंगी असतात, म्हणून एकाआड एक घर बारीक ठिपक्यांनी भरलं. ऐन लग्नसराईत. आईनं डोक्याला हात लावला. ‘‘लोकांच्या पोरींच्या तांब्यांवर नावं घालायची ऱ्हायलीत आणि हे घरं घालत बसलेत.’’ पण संध्याकाळच्या जेवणानंतर दिवा लावून आम्ही त्या तबकापुढं बसलो की आई पण शेंगा फोडत शेजारी बसायची.

तो छापलेला डाव आम्ही इतक्या वेळा खेळलो की कात्रण घड्यांवर फाटलं आणि आईनं ते भाताच्या पेजेनं दुसऱ्या कागदावर चिकटवलं. आप्पांना पाठांतर आवडत नव्हतं. त्यांना प्रत्येक चालीचं कारण लागायचं. कारण सापडेपर्यंत ते पुढची ओळ वाचू द्यायचे नाहीत. आणि एका संध्याकाळी त्यांना सगळी सुरुवात एकदम उमगली, ती त्यांच्या धंद्यातून. ‘‘आगं, हे दुकान मांडल्यागत हाय की!’’ त्यांनी मांडीवर थाप मारली. ‘‘सकाळी दार उघडलं की प्यादं दोन घरं. दार उघडल्याबिगर माल भायेर कसा येणार? मग घोडे, मग उंट, सगळी भांडी पायरीवर. आत ठेवून कोण बघतंय? आणि मालकानं काय करायचं? दारात उभं ऱ्हायचं न्हाई. गल्ल्यामागं जाऊन बसायचं. हेच ते शून्य-शून्य!’’ माझ्या आयुष्यात पुढं मी बुद्धिबळावरची पुष्कळ पुस्तकं वाचली. इतकं सोपं कोणी सांगितलेलं नाही. अजूनही मी राजा गल्ल्यामागं घालते.

पण हात! हाताला कोण समजावणार? आप्पा प्यादं उचलायचे आणि एका घरावर ठेवायचे. मी ‘‘आप्पा, दोन’’ म्हटलं की चपापून पुढं सरकवायचे. अडचणीत आले की राजा टुणकन घोड्याच्या घरात. ‘‘आप्पा, उडी न्हाई.’’ ‘‘व्हय की गं, व्हय की.’’ आणि ते हरायचे. ज्या माणसाला हरवायला चिकोडीहून लोक यायचे, तो माझ्यासारख्या दोन वेण्यांच्या पोरीकडून रोज संध्याकाळी हरायचा आणि वर म्हणायचा, ‘‘चल, परत मांड.’’ एकदा संकेश्वरचे एक गृहस्थ देशी डावाची हौस म्हणून आले तर आप्पांनी त्यांना चहा पाजून, ‘‘आता आपण शिकाऊ हाय,’’ असं सांगून परत पाठवलं. त्यांनी पातेलं घेतलं नाही. हळूहळू हात वळला. प्यादं आपोआप दोन घरं जायला लागलं. त्या दिवशी आप्पांना काय आनंद झाला होता! मीही टाळ्या पिटल्या. त्या हातातून काय निघून गेलं होतं ते तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

बेळगावला आप्पा आणि मी सरकारी गाडीनं गेलो. मांडीवर डबा, डब्यात भाकरी-चटणी आणि आईनं शुभ म्हणून दिलेली हुग्गी. एका शाळेच्या सभागृहात बाकं मांडली होती. बाकीच्या मुली पटापट इंग्रजी-कन्नड बोलत होत्या, बुटांचा टकटक आवाज करत होत्या. मी चपला दाराबाहेर काढून आत गेले, तर एका मुलीनं मला हसून खुणेनं सांगितलं की घालून ये. पण बाकावर बसून प्यादं दोन घरं पुढं ठेवलं की सगळं ओळखीचं वाटायला लागायचं. दुकान उघडलं. मी जिंकत गेले, एक बरोबरी झाली, आणि शेवटचा डाव उरला. तो जिंकणारी पुढच्या फेरीला धारवाडला जाणार होती.

समोरची मुलगी बेळगावचीच, चष्मेवाली, शांत. पांढरी माझ्याकडं होती आणि डाव कात्रणातल्यासारखाच सुरू झाला. घोडे, उंट, माझं शून्य-शून्य, वजिराचं प्यादं पुढं. मला वाटलं, आता ही राजाच्या प्याद्यानं मारणार. आणि तिनं मारलं ते उंटानं. कात्रणात असं नव्हतं! मी तिच्याकडं असं बघितलं जणू तिनं काही लबाडीच केली. डोकं रिकामं झालं. मग आप्पांचं बोलणं आठवलं. ते म्हणायचे, ‘‘छापल्याला डाव म्हंजे दुसऱ्याच्या लग्नाची पत्रिका. त्यातला मुहूर्त घिऊन आपलं लगीन लावाय जाऊ नको.’’ मी हात मांडीखाली दाबले आणि पहिल्यांदा स्वतःचं स्वतः बघायला लागले.

डाव लांबला. खूप लांबला. बाकीच्या मुली उठून गेल्या. मी मान वर केली तेव्हा खिडकीतून व्हरांडा दिसत होता आणि व्हरांड्यात आप्पा उभे होते, हातात डबा. ऊन त्यांच्या मागच्या खांबावर चढलेलं. दिवस बुडायला आला होता. आता जेवलो नाही तर सकाळपर्यंत दोघंही उपाशी, आणि आप्पांनी सकाळपासून माझ्यासाठी घास घेतला नव्हता. बरोबरी मागावी आणि उठावं, असं मनात आलं. आप्पांची आणि माझी नजरानजर झाली. त्यांनी डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पाठ फिरवून पायऱ्या उतरून दिसेनासे झाले. डबा माझ्या नजरेला पडू नये म्हणून ते गेले, हे मला तत्क्षणी कळलं. मी परत पटाकडं वळले.

माझं एक प्यादं कडेच्या हत्तीच्या वाटेनं निघालं होतं. ते अडवायला राजा आणायला तिला वेळ लागत होता. ते एकेक घर सरकत शेवटच्या घरात पोचलं आणि मी त्याच्या जागी वजीर ठेवला. हत्तीच्या वाटेनं गेलेलं प्यादं वजीर झालं! चष्मेवालीनं डाव सोडला आणि हात पुढं केला. मी हात मिळवायच्या ऐवजी दोन्ही हात जोडले. ती हसली, मीही हसले.

बाहेर दिवे लागले होते. आप्पा शाळेच्या फाटकापाशी एका दगडावर बसले होते, डबा शेजारी, न उघडलेला. मी सांगितलं तेव्हा ते उठले, मला जवळ घेतलं आणि म्हणाले, ‘‘आज उपास पावला गं बाळ.’’ वाटेत त्यांनी आईसाठी तिथला खव्याचा कुंदा घेतला. गाडीभर कुंद्याचा वास आणि आमच्या पोटात कावळे. आम्ही दोघं एकमेकांकडं बघून हसत होतो. हुग्गी सकाळी ऊन करून खाल्ली. तशी हुग्गी मी पुन्हा खाल्ली नाही. धारवाडला मी सपाटून हरले, ते जाता जाता सांगून टाकते.

पण दार उघडलं होतं. त्या स्पर्धेच्या एका प्रमाणपत्रावर बेळगावच्या कॉलेजात जागा मिळाली, मग तिथंच बँकेत नोकरी. मला कोणी विचारलं की तुम्हाला कोणी घडवलं, तर मी त्या पायरीकडं बोट दाखवते. खेळ बंद झाला त्या दिवसानंतर भरमाण्णा पाचसहा बाजार फिरकले नव्हते. मग एका दुपारी आले आणि जसं काही झालंच नाही असे पायरीवर टेकले. ‘‘चहा हाय का न्हाई ह्या घरात?’’ पुढं कितीतरी वर्षं ते तसेच येत राहिले. आप्पा सुट्टीत आलेल्या माझ्याशी खेळायचे, नंतर शेजारच्या पोरांना शिकवायचे, आणि भरमाण्णा तंबाखू मळत नुसते बघत बसायचे. खेळ मागितला नाही. खणाचा पट फडताळात तसाच पडून होता.

आप्पा थकले, दुकान माझ्या भावानं घेतलं. असाच एक बाजारचा दिवस, मी रजा घेऊन घरी आले होते. भरमाण्णांना त्यांच्या नातवानं मोटारसायकलवरून आणून सोडलं. आवाज तसाच, गुडघे गेलेले. बसले आणि म्हणाले, ‘‘जिन्नाप्पा, एक डाव आपला खेळू रं. मरायच्या आधी एकदा. पोरगी आता लई पुढं गेलीया, तुझी सुटका झाली.’’ आप्पांचा चेहरा असा उजळला! मी फडताळातून खणाचा पट काढला, झटकला, लाल-हिरवी मोहरी मांडून दिली. आप्पांनी हात चोळले. राजाचं प्यादं उचललं आणि ठेवलं.

दोन घरं पुढं.

त्यांना कळलंच नाही. ते भरमाण्णांच्या चालीची वाट बघत होते. मग त्यांचं लक्ष माझ्या चेहऱ्याकडं गेलं, मग पटाकडं. त्यांनी घाईनं प्यादं मागं घ्यायला हात घातला, एका घरावर ठेवलं, पुन्हा उचललं. राजाची उडी कुठून कुठं ते बोटांनी मोजून पाहिलं. ‘‘कसं हुतं रं ते?’’ ते हळूच म्हणाले. ‘‘भरमू, मला काय आठवंना बघ. हात जाईना तिकडं.’’ मला तिथं उभं राहवेना. इतकी वर्षं मी समजत होते की आप्पांनी माझ्यासाठी त्यांचा खेळ थोडे दिवस बाजूला ठेवला. तो त्यांनी देऊन टाकला होता. आणि देताना त्यांना ते ठाऊक होतं.

भरमाण्णांनी पटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग आप्पांच्या हातातलं प्यादं काढून घेतलं आणि चौथ्या घरात ठेवलं. आपलं प्यादं उचललं, आणि तेही दोन घरं पुढं ठेवलं.

‘‘तुला येतंय?’’ आप्पा म्हणाले.

‘‘इतकी वर्सं पायरीवर बसून काय झोपा काढत हुतो व्हय?’’

मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत पळाले. आई चुलीपाशी होती, तिनं माझ्या डोळ्यांकडं पाहिलं आणि आधण तिनंच ठेवलं. बाहेर मोहरी सरकल्याचा आवाज येत होता. मग बोळाच्या टोकाला जाईल असा भरमाण्णांचा आवाज आला.

‘‘पद्मे! आगं, हिकडं ये. तुझा बाप गल्ल्यामागं जाऊन बसला. त्यो चहाला उठायचा डाव कसा करायचा त्यो मलाबी एकदा नीट दाखीव.’’